दोन डॉलरच्या मच्छरदाणीचा हिशेब: अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन

लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय आहे. माल गोदामातून निघाला एवढ्यावर माझं काम संपत नाही. तो पोहोचला का, ज्याच्या नावावर लिहिला त्यालाच मिळाला का, काही महिन्यांनी जागेवर आहे का, हे विचारत बसणं हेच माझं काम. दान देतानाही ही सवय सुटत नाही. मलेरियाग्रस्त देशांत मच्छरदाण्या वाटणाऱ्या अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन या संस्थेला मी काही वर्षं नियमित पैसे देते आहे. ओळखीतली माणसं विचारतात, "खरंच पोहोचतं का गं?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मत आधीच सांगते. द्या, जमेल तसं पण सतत द्या. का, ते पुढे येतंच आहे, आणि कुठे जपून पाहायचं तेही.

आधी वस्तूबद्दल, कारण पैसे शेवटी एका वस्तूसाठीच जातात. या मच्छरदाण्या साध्या नसतात, औषधभारित असतात. पॉलिएस्टरच्या धाग्यावर कीटकनाशकाचा थर दिलेला असतो, किंवा पॉलिथिलीनचा धागा काढतानाच औषध त्यात मिसळलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात वरचं औषध धुऊन गेलं तरी धाग्याच्या आतून हळूहळू नवं वर येत राहतं. किमान 20 धुण्या आणि वापराची तीन वर्षं असर टिकावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची ढोबळ कसोटी. पूर्वी जाळ्या दर काही महिन्यांनी औषधाच्या पाण्यात बुडवून काढाव्या लागत. ते काम गावोगाव वेळेवर होणं अवघड होतं, त्यामुळे बुडवायला न लागणारी जाळी आली तेव्हा सगळी मोहीमच बदलली.

मी दोन्ही प्रकारच्या जाळ्या मुद्दाम मिळवून वापरून पाहिल्या. ज्या वस्तूसाठी पैसे देते ती हातात घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. पाकीट फोडल्यावर उग्र वास येतो आणि लगेच अंथरुणावर लावली तर चेहऱ्याला, डोळ्यांना चुरचुर जाणवते. म्हणूनच पहिला दिवसभर ती सावलीत पसरून ठेवायला सांगतात. उन्हात नको, उन्हाने औषध लवकर मरतं. पॉलिएस्टरची जाळी अंगाला मऊ लागते, पण टोकदार कशात अडकली की चटकन फाटते. पॉलिथिलीनची जरा राठ असते आणि तिची भोकं मोठी असतात, त्यामुळे वारा बरा लागतो. उकाड्यात हा फरक फार मोठा आहे. रात्री घामाघूम झालेला माणूस जाळी बाजूला सारतो, आणि मग औषध कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. धुताना साधा साबण, थंड पाणी, हलका हात, आणि वाळवायची पुन्हा सावलीतच. ब्लीच अजिबात नको.

फाटण्याबद्दल एक निरीक्षण. भोकं जवळपास नेहमी खालच्या अर्ध्या भागात पडतात. गादीखाली खोचताना, खाटेच्या कडेला घासून, उंदरांनी कुरतडून, दिव्याची किंवा चुलीची ठिणगी लागून. एकाच खोलीत स्वयंपाक आणि झोपणं असेल तर जाळीचं आयुष्य कमीच. खालची पट्टी जाड धाग्याची केली तर किती फरक पडेल, हे उत्पादकांना मी प्रत्यक्ष भेटले तर आवर्जून सांगेन.

पण भोक पडलं म्हणजे जाळी संपली, असं नाही. साध्या आणि औषधभारित जाळीतला खरा फरक इथेच आहे. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात शिरल्यावर लगेच पुढच्या माणसाला लागत नाही. त्याला डासाच्या अंगात तयार व्हायला साधारण दहा दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. अ‍ॅनोफिलीस डासाच्या मादीला मात्र अंडी घालण्यासाठी दर दोन-तीन रात्रींनी रक्त हवं असतं. म्हणजे रोग पसरवण्याआधी तिला बऱ्याच वेळा माणसाजवळ यावं लागतं, आणि दर वेळी वाटेत ही जाळी आहे. ती जाळीवर बसते, भोक शोधत फिरते आणि तेवढ्या स्पर्शात मरते किंवा लुळी पडते. गावातल्या पुरेशा घरांत जाळ्या लागल्या की म्हाताऱ्या डासांची संख्याच घटते आणि परजीवी पोसायला डास उरत नाहीत. पश्चिम केनियातल्या मोठ्या चाचणीत जाळ्या असलेल्या घरांपासून 300 मीटरच्या आत राहणाऱ्या, स्वतःकडे जाळी नसलेल्या कुटुंबांनाही संरक्षण मिळालेलं दिसलं. शेजाऱ्याच्या जाळीने आपलं मूल वाचतं, असं याचं स्वरूप आहे. म्हणून एखाद्या निवडक घराला जाळी देण्यापेक्षा अख्ख्या वस्तीला एकाच वेळी देणं महत्त्वाचं.

आता परिणामाचे आकडे. 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेत मलेरिया प्रतिबंधाच्या उपायांनी सुमारे 66 कोटी 30 लाख आजारपणं टळली, असा अंदाज 2015 साली 'नेचर' मध्ये आला. त्यातला 68 टक्के वाटा औषधभारित मच्छरदाण्यांचा होता. घरात फवारणी आणि नवी औषधं मिळून उरलेला. हा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आकडा पुन्हा तपासला होता. तरीही काम संपलेलं नाही. 2023 मध्ये जगात मलेरियाचे अंदाजे 26 कोटी 30 लाख रुग्ण झाले आणि 5 लाख 97 हजार माणसं गेली. मृत्यूंपैकी 95 टक्के आफ्रिका विभागात, आणि तिथल्या मृतांमध्ये दर चारांपैकी तीन पाच वर्षांखालची मुलं. गरोदर बाईला मलेरिया झाला तर तिला रक्तक्षय होतो आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं, हे वेगळंच. जाळी कोणासाठी आहे हे या दोन ओळींत कळतं.

एक शंका मला बरेच दिवस छळत होती. लहानपणी जाळीत वाढलेल्या मुलांना मलेरिया कमी होतो, त्यामुळे अंगात प्रतिकारशक्तीही कमी तयार होते. मग मृत्यू टळतात की फक्त पुढे ढकलले जातात? टांझानियाच्या दक्षिण भागात 1998 ते 2003 दरम्यान लहान असलेल्या मुलांचा माग संशोधकांनी 2019 मध्ये पुन्हा काढला. लहानपणी जाळीचा जास्त वापर झालेल्यांमध्ये तरुणपणापर्यंतच्या मृत्यूचा धोका कमी वापर झालेल्यांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी निघाला. 2022 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये हे प्रसिद्ध झालं. माझी शंका त्या दिवशी मिटली.

"फुकट दिलं की किंमत राहत नाही" हे वाक्य मी मोठ्या शहाण्या माणसांकडून ऐकलं आहे. जाळी नाममात्र दरात विकावी, म्हणजे घेणारा ती वापरेल, असं आरोग्य क्षेत्रातही बरीच वर्षं मानलं जात होतं. जेसिका कोहेन आणि पास्कलीन ड्युपास या अर्थतज्ज्ञांनी केनियातल्या प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांत हे प्रत्यक्ष तपासलं. 2010 मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा: दर शून्यावरून 60 सेंट केला की जाळी घेणाऱ्या बायकांचं प्रमाण 60 टक्के बिंदूंनी घसरलं, म्हणजे शंभरातल्या साठ बायका गळाल्या. आणि फुकट घेतलेल्या बायका ती कमी वापरत होत्या, असं काही आढळलं नाही. ज्या घरात औषधालाही पैसे नाहीत तिथे साठ सेंटची भिंत केवढी उंच असते, हे कागदावर उतरवणारा हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. दान केलेल्या जाळीला नाक मुरडणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगते.

संस्थेकडे वळते. रॉब मॅथर यांनी ती सुरू केली, तीही पोहण्याच्या निधिसंकलनातून. 2005 मधला 'वर्ल्ड स्विम फॉर मलेरिया' हा त्यांचा सुरुवातीचा मोठा कार्यक्रम. सर्वसामान्य लोकांनी दिलेला पैसा फक्त जाळ्या घेण्यासाठी वापरायचा आणि संस्था चालवण्याचा खर्च वेगळ्या, मोजक्या दात्यांकडून घ्यायचा, हा त्यांचा नियम. एक जाळी साधारण दोन डॉलरला पडते, नव्या औषधांची थोडी महाग, आणि एका जाळीखाली सरासरी दोघं झोपतात असं धरलं जातं. वाहतूक, नोंदणी, वाटप यांचा खर्च बहुतेक वेळा ग्लोबल फंडसारखे मोठे निधी किंवा त्या देशाचा मलेरिया विभाग उचलतो. हे दात्याने नीट समजून घ्यावं. दोन डॉलर ही जाळीची किंमत आहे. जाळी एखाद्या बाळाच्या अंथरुणावर लागेपर्यंतचा सगळा खर्च धरला तर आकडा वाढतो.

याच्या पुढे माझ्या व्यवसायाचा भाग येतो आणि इथे मला ही संस्था मनापासून आवडते.

पहिली गोष्ट, पैसे दिल्यावर ते कोणत्या वाटपाला जोडले गेले हे दात्याला कळतं. देश, भाग, जाळ्यांची संख्या, वाटपाचा काळ. रक्कम छोटी असली तरी. माझे पैसे मलावी आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या वाटपांना लागल्याची नोंद मी पाहिली तेव्हा लगेच नकाशा काढून बसले होते. दुसरी, वाटपाआधी घरोघरी नोंदणी होते, घरात किती माणसं आणि किती झोपण्याच्या जागा हे लिहिलं जातं. त्यातली सुमारे पाच टक्के घरं दुसरं पथक स्वतंत्रपणे पुन्हा तपासतं. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत तर कोण आकडे फुगवतं आहे हे उघड होतं. मी याला नमुना तपासणी म्हणते आणि जिथे ती नसते तिथे मी सही करत नाही. वर, पाच टक्के घरं पुन्हा तपासली जाणार आहेत हे नोंदणी करणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्या नुसत्या जाणिवेने नोंदी किती सुधारतात, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वाटप झाल्यावर ठरावीक महिन्यांच्या अंतराने चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली घरं न कळवता पाहिली जातात. जाळी आहे का, टांगलेली आहे का, किती फाटली, कोण तिच्याखाली झोपतं. निकाल उघड मांडतात, वापर घसरलेला दिसला तरी. याआधी मी दुसऱ्या एका संस्थेला (नाव घेत नाही) मच्छरदाण्यांसाठी पैसे दिले होते. वर्षअखेरीला सुंदर छापील पुस्तिका आली, हसऱ्या मुलांचे फोटो होते, वाटलेल्या जाळ्यांचा आकडा होता. मी पत्र लिहून विचारलं की सहा महिन्यांनी किती घरांत जाळ्या टांगलेल्या सापडल्या. उत्तरादाखल पुन्हा तीच पुस्तिका आली. त्या पुस्तिकेत खोटं काही नसेलही. पण पाकिटातली जाळी कुणालाच वाचवत नाही, आणि ती पाकिटातून बाहेर आली का हे बघायला परत गेलंच पाहिजे.

दोषही सांगितले पाहिजेत. दानसंस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या गिव्हवेलने 2013 च्या अखेरीस या संस्थेची शिफारस काही काळ मागे घेतली होती, कारण जमलेला निधी वाटपाच्या करारांत पुरेशा वेगाने लागत नव्हता. 2014 अखेर ती पुन्हा दिली. इतक्या बारीक नोंदींची अट घातली की सरकारांशी करार व्हायला वेळ लागतो, ही या काटेकोरपणाची दुसरी बाजू आहे. पावसाळ्याआधी जाळी पोहोचली नाही तर त्या मोसमाचं नुकसान भरून येत नाही, तेव्हा हा दोष मी क्षुल्लक मानत नाही. तरीही तपासणी ढिली करून वेग वाढवावा असं मला वाटत नाही.

दुसरा दोष संस्थेचा नाही, प्रचाराचा आहे. "दोन डॉलरमध्ये एक जीव वाचवा" असं कुणी लिहिलं तर विश्वास ठेवू नका. बहुतेक मुलं जाळी नसतानाही त्या वर्षी दगावली नसती, जाळ्या फाटतात, काही वापरल्या जात नाहीत. हे सगळं धरून गिव्हवेलचे अंदाज एका टळलेल्या मृत्यूमागे काही हजार डॉलर असे येतात, देशागणिक कमी-जास्त. मला हा आकडा निराश करत नाही. एका माणसाच्या पूर्ण आयुष्यासाठी ती रक्कम फारच थोडी आहे, आणि प्रत्येक टळलेल्या मृत्यूबरोबर शेकडो तापाची आजारपणं, बुडालेली मजुरी, शाळेतले गैरहजर दिवस टळतात.

मासेमारीचा आक्षेप हमखास निघतो. आफ्रिकेतल्या काही मोठ्या सरोवरांकाठी लोक मच्छरदाण्यांनी मासे धरतात, हे खरं आहे, आणि बारीक जाळीत माशांची पिल्लंही अडकतात म्हणून ते वाईटच. पण त्यावरून सगळं वाटप फुकट गेलं म्हणणं चूक. घरोघरच्या पाहण्यांत असा वापर एकूण जाळ्यांच्या मानाने थोडा आढळतो आणि त्यात जुन्या, निकामी झालेल्या जाळ्याच जास्त असतात. शिवाय उपाशी घरात पहिला प्रश्न रात्रीच्या जेवणाचा असतो. त्या माणसाला दोष देण्याआधी मी दहा वेळा विचार करेन.

खरी काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. जाळ्यांवर वर्षानुवर्षं पायरेथ्रॉइड या एकाच गटातली कीटकनाशकं होती आणि डास त्यांना सरावले. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत आज नुसत्या पायरेथ्रॉइडच्या जाळीवर डास बसतो आणि उडून जातो. त्यावर पहिला उपाय निघाला जाळीत पायरेथ्रॉइडबरोबर पिपेरोनिल ब्युटॉक्साइड मिसळण्याचा. डास ज्या विकरांनी (एन्झाइम) औषध पचवतो, तीच विकरं हा पदार्थ रोखतो. टांझानिया आणि युगांडातल्या चाचण्यांत अशा जाळ्या साध्या औषधभारित जाळ्यांहून सरस ठरल्या, पण हा जादा फायदा काळाबरोबर ओसरतो. मग क्लोरफेनापिर हे वेगळ्या प्रकारचं कीटकनाशक आलं. ते मज्जासंस्थेवर न जाता डासाच्या पेशींतली ऊर्जानिर्मितीच बंद पाडतं, त्यामुळे पायरेथ्रॉइडला सरावलेला डासही मरतो, जरा सावकाश. क्लोरफेनापिर आणि पायरेथ्रॉइड अशी दोन औषधं असलेल्या जाळीने टांझानियात दोन वर्षांत मुलांमधला मलेरिया नुसत्या पायरेथ्रॉइडच्या जाळीच्या तुलनेत 44 टक्क्यांनी कमी केला, बेनिनमध्ये 46 टक्क्यांनी. मार्च 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. थोडे जास्त पैसे मोजून हीच जाळी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. स्वस्त जाळ्या जास्त घेऊन संख्या मोठी दाखवणं दात्याला सुखावतं, पण डास ज्या औषधाला जुमानत नाही ते वाटण्यात अर्थ नाही. कुठल्याही संस्थेला पैसे देताना त्या भागातल्या डासांची चाचणी होऊन जाळी निवडली जाते का, हे आवर्जून विचारा.

आणि दर्जाकडे लक्ष हवंच. पापुआ न्यू गिनीत मलेरिया पुन्हा वाढला तेव्हा संशोधकांनी देशात आलेल्या न वापरलेल्या जाळ्या तपासल्या. 2013 आणि त्यानंतरच्या जाळ्या आधीच्यांपेक्षा डास मारण्यात खूप कमी पडत होत्या, पाकीट न फोडताही. तिथले डास औषधाला सरावलेले नव्हते, हे विशेष. 2020 मध्ये हे छापून आलं. कारखान्यातून निघणाऱ्या मालाची स्वतंत्र तपासणी सतत का हवी, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

देणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. एकदाच मोठी रक्कम देऊन विसरण्यापेक्षा दरमहा थोडं द्या. तीन वर्षांची म्हणून दिलेली जाळी अनेक देशांत सरासरी दोन वर्षांहून कमी काळ घरात टिकते, तेव्हा गरज पुन्हा पुन्हा उभी राहणारी आहे. देश स्वतः निवडायचा हट्ट धरू नका. जिथे मोहिमेत जाळ्यांची तूट आहे तिथेच ते पैसे लागू देत. घरच्या वापरलेल्या किंवा बाजारातल्या साध्या जाळ्या गोळा करून पाठवण्याच्या भानगडीत तर पडूच नका. त्यांच्यावर औषध नसतं, मापं जुळत नाहीत, आणि पाठवणीच्या खर्चात कितीतरी चांगल्या जाळ्या आल्या असत्या. वाढदिवस, लग्न, कुणाच्या स्मरणार्थ असं निमित्त असेल तर संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतःचं संकलनाचं पान उघडता येतं. माझ्या कार्यालयातल्या एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याने भेटवस्तूंऐवजी तसं पान उघडायला सांगितलं आणि सगळ्यांनी आनंदाने पैसे टाकले. वाटप कुठे लागलं हे कळायला काही महिने जातात, तोवर धीर धरा. नोंद आली की तपासणीचे अहवालही उघडून वाचा, विशेषतः दुसऱ्या वर्षाचे. जाळीचा खरा कस तिथे लागतो.